जाणारा खेळाडू गद्दार असतो का? करार, पैसा आणि चाहत्यांचा राग

११ मे २०२५. लिव्हरपूलने दोनच आठवड्यांपूर्वी इंग्लंडच्या फुटबॉल लीगचं विजेतेपद पटकावलेलं. ॲनफिल्ड या घरच्या मैदानावर आर्सेनलविरुद्ध सामना, म्हणजे खरं तर जल्लोषाचा दिवस. दुसऱ्या सत्रात ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड बदली खेळाडू म्हणून उतरला आणि त्याच्याच क्लबच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. चेंडू त्याच्या पायाशी आला की हुर्यो, पुढच्या वेळी आला की पुन्हा हुर्यो. याच शहरात जन्मलेला, वयाच्या सहाव्या वर्षी याच क्लबच्या अकादमीत आलेला मुलगा. त्याने सहा दिवसांपूर्वी एवढंच जाहीर केलं होतं, की जूनअखेर करार संपतोय आणि मी तो वाढवणार नाही.

त्याच उन्हाळ्यात न्यूकॅसलचा अलेक्झांडर इसाक लिव्हरपूलला जायचं म्हणून अडून बसला. त्याचा करार २०२८ पर्यंत होता. तो संघासोबत सरावाला नव्हता, मोसमाचे पहिले सामने खेळला नाही, आणि १ सप्टेंबरला अखेर गेला. न्यूकॅसलला त्याचे १२.५ कोटी पौंड मिळाले. दोन ब्रिटिश क्लबांमध्ये एवढ्या किमतीचा व्यवहार याआधी झाला नव्हता.

या दोघांत गद्दार कोण? एकाने करार जवळपास शेवटपर्यंत निभावला, पण जाताना क्लबच्या हाती जवळजवळ काही पडलं नाही. दुसऱ्याने करार अर्ध्यावर टाकला, पण क्लबची तिजोरी भरून गेला. चाहत्यांच्या भांडणात हे दोन्ही प्रकार ‘निष्ठा’ या एकाच खात्यावर मांडले जातात आणि म्हणून ते भांडण कधी मिटत नाही. खेळाडूला जायचा हक्क होता का, तो कसा गेला, आणि त्याच्या जाण्याने क्लबचं काय झालं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी येतात.

हक्काची गोष्ट

आज आपण गृहीत धरतो की करार संपला की खेळाडू मोकळा. हे फार जुनं नाही. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकापर्यंत करार संपल्यावरही खेळाडूची नोंदणी क्लबकडेच राहायची. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता यायचं नाही. १९६१ पर्यंत पगारालाही आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. म्हणजे जायचं नाही आणि राहून जास्त मागायचंही नाही. जुन्या काळातले खेळाडू एकाच क्लबमध्ये आयुष्य काढायचे याचं कौतुक होतं तेव्हा हे आठवावं. त्यातल्या कित्येकांना पर्यायच नव्हता. न्यूकॅसलच्याच जॉर्ज ईस्टहॅमने ही पद्धत न्यायालयात नेली आणि १९६३ साली न्यायालयाने ती खेळाडूच्या रोजगारावर अन्याय्य बंधन घालते असा निकाल दिला.

खरा बांध फुटला १९९५ मध्ये. ज्याँ-मार्क बोस्मान हा बेल्जियमचा खेळाडू. लिएजच्या क्लबशी त्याचा करार १९९० मध्ये संपला. क्लबने नवा करार देऊ केला तो खूपच कमी पगाराचा, आणि फ्रान्सच्या डंकर्क क्लबला जायचं म्हटलं तर ट्रान्सफर फी, म्हणजे खेळाडू सोडण्याची किंमत मागितली. व्यवहार फिसकटला. बोस्मान युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल लागला: करार संपल्यावर युरोपीय संघातला खेळाडू संघातल्याच दुसऱ्या देशात जात असेल, तर जुन्या क्लबला फी मागता येणार नाही. आज ‘फ्री ट्रान्सफर’ म्हणतात ती त्या निकालातून आली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. करार पूर्ण करून जाणारा खेळाडू कुणाचंही काही बुडवत नाही. क्लबने ठरावीक वर्षांसाठी पगार कबूल केला, त्याने तेवढी वर्षं खेळ कबूल केला, दोघांनी शब्द पाळला. चिडलेल्या चाहत्यालाही हे मान्य करावं लागतं. तरी राग जात नाही, कारण तो दुसऱ्याच गोष्टीचा असतो. ती कळायला कराराचं घड्याळ कसं चालतं ते पाहावं लागेल.

घड्याळ कुणाच्या बाजूने चालतं

समजा, खेळाडूचा पाच वर्षांचा करार आहे. पहिली दोन-तीन वर्षं सगळी ताकद क्लबकडे. कुणाला तो हवा असेल तर क्लब म्हणेल ती किंमत. टॉटेनहॅमच्या हॅरी केनने हे अनुभवलं. २०१८ मध्ये त्याने सहा वर्षांचा करार केला, २०२१ मध्ये मँचेस्टर सिटीला जायचं मनात आणलं, पण करार अजून तीन वर्षं बाकी होता. क्लबने नाही म्हटलं, विषय संपला.

शेवटची दोन वर्षं उरली की काटा सरकायला लागतो. आता क्लबपुढे दोनच रस्ते: करार वाढवून घ्या, नाहीतर किंमत मिळतेय तोवर विका. शेवटचं वर्ष लागलं की किंमत घसरते, कारण समोरच्याला माहीत असतं, वर्षभर थांबलो तर फुकटात मिळेल. केन २०२३ मध्ये बायर्न म्युनिकला गेला तेव्हा तेच घडलं. एकच वर्ष उरलेलं, आणि ज्याला दोन वर्षांपूर्वी ‘विकाऊ नाही’ म्हटलं होतं त्याला क्लबने सुमारे १० कोटी युरोंना सोडलं. शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू परदेशी क्लबशी उघडपणे बोलू शकतो आणि पुढच्या मोसमाचा करार आगाऊ सहीही करू शकतो. तेव्हा ताकद पूर्णपणे खेळाडूकडे आलेली असते.

म्हणून चाहत्यांमधल्या जाणकारांना ‘करार वाढवला का?’ ही बातमी गोलपेक्षा मोठी वाटते. करार वाढवणं म्हणजे ‘मी कायमचा राहतो’ असं वचन नव्हे. ‘गेलोच तर तुम्हाला माझी किंमत मिळेल’ एवढी ती हमी. क्लबमध्ये वाढलेल्या खेळाडूकडून निदान इतकी अपेक्षा असते, आणि अलेक्झांडर-आर्नल्डवरचा राग नेमका इथला होता. त्याने करार वाढवून मग स्पेनच्या रेआल माद्रिदला जायचं म्हटलं असतं तर लिव्हरपूलच्या हाती घसघशीत रक्कम आली असती. प्रत्यक्षात आले सुमारे १ कोटी युरो, तेही फक्त महिनाभर आधी, क्लब विश्वचषकासाठी सोडावं म्हणून.

मी स्वतः या बाबतीत त्याच्या बाजूने आहे, पण पूर्ण नाही. मोठी फी ही खेळाडूने क्लबला द्यायची भेट आहे, ती मागून घ्यायची गोष्ट नाही. वीस वर्षं त्या क्लबची जर्सी घातली, दोन लीग विजेतेपदं आणि एक चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकून दिली. त्यावर आणखी काही कोटींचं देणं उरतं असं मला वाटत नाही. पण ‘लिव्हरपूलचा कर्णधार व्हायचं स्वप्न आहे’ असं पूर्वी सांगितलेलं असताना, शेवटचा मोसम जवळपास मुग गिळून काढणं चाहत्यांना लागणारच. मोहम्मद सलाह आणि व्हर्जिल व्हान डाइक यांचे करारही त्याच वेळी संपत होते. दोघांनी एप्रिलमध्ये ते वाढवले. त्यामुळे उरलेल्या एकाचं मौन अधिकच मोठं ऐकू आलं.

आणि चाहते काही एकजीव जमाव नव्हेत. दोनच आठवड्यांनी, २५ मे रोजी, मोसमातल्या शेवटच्या सामन्यात त्याच मैदानाने त्याला टाळ्या वाजवून निरोप दिला. मधल्या दिवसांत चाहत्यांचीच आपापसांत जुंपली होती: कुणाला हुर्यो योग्य वाटली, कुणाला ती आपल्या क्लबला न शोभणारी वाटली.

मग इसाकचं काय?

इसाकच्या बाबतीत हक्काचा प्रश्नच उलटा आहे. तीन वर्षं बाकी असलेला करार त्याने मानला नाही. ऑगस्टमध्ये त्याने जाहीर निवेदन काढलं की दिलेली वचनं मोडली गेली, विश्वास उरला नाही. क्लबने लगेच उत्तर दिलं की या उन्हाळ्यात सोडू असं कुणीही कबूल केलं नव्हतं. बंद दाराआड काय बोलणं झालं हे त्या खोलीतल्या माणसांनाच ठाऊक. चाहत्यांसमोर एवढंच होतं: पाचच महिन्यांपूर्वी, मार्चमध्ये, याच लिव्हरपूलविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यात गोल करून ज्याने न्यूकॅसलला ७० वर्षांनी देशातला पहिला करंडक मिळवून दिला, तो आता खेळायला तयार नाही.

खेळाडू सरळ करार मोडून का जात नाहीत? कारण ते महागात पडतं. फिफाचे नियम सांगतात की कराराच्या सुरुवातीच्या काळात, म्हणजे २८ वर्षांखालच्या खेळाडूसाठी पहिली तीन आणि त्यावरच्यासाठी पहिली दोन वर्षं, योग्य कारणाशिवाय करार मोडला तर भरपाईही द्यायची आणि किमान चार महिने खेळताही यायचं नाही. तो काळ उलटल्यावरही भरपाई चुकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने लसाना दियारा या खेळाडूच्या खटल्यात या नियमांचे काही भाग युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवले, त्यामुळे ही चौकट पुढे सैल होऊ शकते. पण तूर्त खेळाडूकडे उरणारा मार्ग म्हणजे क्लबला इतकं नकोसं करून सोडायचं की तो स्वतःच विकायला तयार होईल.

हे मला मनापासून चुकीचं वाटतं. पगार घेत असताना सहकाऱ्यांना मैदानात एकटं सोडणं आणि करार संपल्यावर दुसरीकडे जाणं यांना एकाच तराजूत घालता येणार नाही. चाहत्यांनी जपून ठेवावा असा राग असेल तर तो पहिल्या प्रकारासाठी.

स्पेनमध्ये यावर एक वाट आहे. १९८५च्या एका शाही हुकमानुसार तिथे खेळाडूला भरपाई देऊन करारातून बाहेर पडता येतं, म्हणून करारातच ती रक्कम लिहून ठेवतात. हाच ‘रिलीज क्लॉज’. तेवढे पैसे जमा केले की क्लबला अडवता येत नाही. नेमारचा आकडा बार्सिलोनाने २२.२ कोटी युरो ठेवला होता, एवढे कोण देणार या भरवशावर. २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने दिले.

क्लबची निष्ठा

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यावर चाहते सगळ्यात कमी बोलतात आणि जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्लब खेळाडूकडे कसा पाहतो? त्याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे.

क्लबने ५ कोटी पौंडांना खेळाडू घेतला आणि पाच वर्षांचा करार केला, तर तो खर्च वहीत एकदम लागत नाही. वर्षाला १ कोटी असा पसरतो, कारखान्यातल्या यंत्राचा घसारा धरावा तसा. तीन वर्षांनी त्याची वहीतली किंमत उरते २ कोटी. तेव्हा तो ४ कोटींना विकला तर नफा दिसतो २ कोटी. पण जो मुलगा क्लबच्याच अकादमीत वाढला, त्याच्यासाठी फी दिलेलीच नसते. वहीत त्याची किंमत शून्य. तो ३.५ कोटींना विकला तर पूर्ण ३.५ कोटी नफा, त्याच वर्षी.

याचा अर्थ असा, की ज्याला चाहते ‘आपल्यातला’ म्हणतात तोच विकायला सगळ्यात फायद्याचा ठरतो. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च लीगच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. मर्यादेच्या कडेला आलेले क्लब जूनअखेर, वर्षाचा हिशेब बंद व्हायच्या आत, घाईघाईने कुणाला तरी विकायचे. जून २०२४ मध्ये न्यूकॅसलने एलियट अँडरसनला नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकलं. त्याच भागातला, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला, न्यूकॅसलचा चाहता असलेला मुलगा. त्याचा खेळ कमी पडला म्हणून तो गेला नाही. वहीतला खड्डा बुजवायला तो गेला. इसाकला शिव्या घालताना अँडरसनची आठवण ठेवणारे चाहते होते आणि मला तेच सगळ्यात प्रामाणिक वाटले.

आणि मग मेस्सी. २००० साली तेरा वर्षांचा असताना बार्सिलोनात आलेला. २०२० मध्ये त्याने क्लब सोडायचं म्हटलं तेव्हा क्लबने रिलीज क्लॉजच्या ७० कोटी युरोंवर बोट ठेवून त्याला थांबवलं. वर्षभराने त्याला राहायचं होतं. अर्ध्या पगारावर नव्या कराराचं ठरलं होतं. पण क्लबवर कर्जाचा डोंगर आणि पगाराचा बोजा इतका होता, की स्पॅनिश लीगच्या खर्चमर्यादेत त्याची नोंदणीच बसेना. ५ ऑगस्ट २०२१ रोजी क्लबने तो राहणार नसल्याचं जाहीर केलं आणि तीन दिवसांनी मेस्सी पत्रकारांसमोर हमसून रडला. इथे निष्ठा कुणी मोडली? खेळाडूने नाही, चाहत्यांनीही नाही. वर्षानुवर्षं ऐपतीबाहेर खर्च करणाऱ्यांनी मोडली, आणि त्यांच्या नावाने कुणी जर्सी जाळली नाही, कारण त्यांच्या नावाची जर्सी नसते.

कुठे गेला, यावर बरंच ठरतं

जाण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, चाहत्यांना लागतं ते ठिकाण. लुईस फिगो २००० मध्ये बार्सिलोनाहून थेट रेआल माद्रिदला गेला, रिलीज क्लॉज भरून. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, तो बार्सिलोनाच्या कॅम्प नो मैदानावर कॉर्नर घ्यायला गेला तेव्हा प्रेक्षकांतून वस्तूंचा पाऊस पडला, त्यात डुकराचं मुंडकंही होतं. सामना काही काळ थांबवावा लागला. सोल कॅम्पबेल २००१ मध्ये टॉटेनहॅमचा करार संपवून शेजारच्या आर्सेनलला गेला, फुकटात. कायद्याने बोट ठेवायला जागा नव्हती. टॉटेनहॅमच्या चाहत्यांनी त्याला त्यानंतरची वर्षानुवर्षं माफ केलं नाही.

उलट फ्लोरेन्स शहराच्या फिओरेंतिना क्लबची गोष्ट पाहा. १९९० मध्ये क्लबने रोबेर्तो बाज्जोला कट्टर वैरी युव्हेंटसला विकलं तेव्हा शहरात दंगल उसळली. पण तो राग क्लबच्या मालकांवर होता, कारण विकणारे ते होते. पुढच्या वर्षी बाज्जो युव्हेंटसकडून फ्लोरेन्सला खेळायला आला, पेनल्टी घ्यायला त्याने नकार दिला, दुसऱ्याने घेतली आणि ती हुकली. मैदानाबाहेर जाताना कुणीतरी भिरकावलेला फिओरेंतिनाचा स्कार्फ त्याने उचलून घेतला. युव्हेंटसच्या चाहत्यांना हे आवडलं नाही, आणि त्यांच्या जागी कुणालाही आवडलं नसतं. पगार त्यांचा क्लब देत होता.

त्याच क्लबचा गाब्रिएल बातिस्तुता. १९९३ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला तरी तो राहिला आणि वर्षभरात संघाला पुन्हा वर घेऊन आला. २००० मध्ये, तिशी ओलांडल्यावर, लीग जिंकायची इच्छा उरलेली म्हणून तो रोमाला गेला. त्या मोसमात फिओरेंतिनाविरुद्ध त्याने गोल केला आणि साजरा न करता रडला. पुढच्या उन्हाळ्यात रोमाने लीग जिंकली. फ्लोरेन्समध्ये त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. पडत्या काळात थांबलेल्या माणसाला चाहते नंतर बरंच काही माफ करतात. २००६ मध्ये गैरव्यवहाराच्या प्रकरणात युव्हेंटसला खालच्या श्रेणीत ढकललं गेलं तेव्हा देल पिएरो, बुफॉन, नेदवेद, त्रेझेगे थांबले. इब्राहिमोविच आणि व्हिएरा इंटर मिलानला गेले. कोण थांबलं आणि कोण गेलं, हे तिथल्या चाहत्यांना आजही तोंडपाठ आहे.

थांबूनही सुटका होईलच असं नाही. पाओलो माल्दिनी २५ मोसम फक्त एसी मिलानसाठी खेळला, पाच वेळा युरोपचा विजेता झाला. मे २००९ मध्ये सान सिरो या घरच्या मैदानावरच्या त्याच्या निरोपाच्या सामन्यात कट्टर समर्थकांच्या एका गटाने शिट्ट्या मारून त्याचा अपमान केला. पूर्वी कधीतरी त्याने त्यांच्या वागण्यावर टीका केली होती, तो राग.

‘जाणार’ म्हणजे जाणारच असं नाही

अफवांच्या दिवसांत हे विसरायला होतं, की ‘तो नाराज आहे’ ही बातमी पुष्कळदा पगाराच्या वाटाघाटीचाच भाग असते. ऑक्टोबर २०१० मध्ये वेन रूनीने मँचेस्टर युनायटेडच्या महत्त्वाकांक्षेवर जाहीर शंका घेतली. वातावरण तापलं, आणि दोन दिवसांत त्याने पाच वर्षांच्या नव्या करारावर सही केली. पुढे तो क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. स्टीव्हन जेरार्डने जुलै २००५ मध्ये, इस्तंबूलमधला चॅम्पियन्स लीगचा तो अद्भुत अंतिम सामना जिंकून सहा आठवडेही झाले नव्हते, लिव्हरपूल सोडायची विनंती केली. जर्सी जाळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याने निर्णय फिरवला आणि आणखी दहा वर्षं खेळला. आज त्याचं नाव निष्ठेचं उदाहरण म्हणून घेतलं जातं. एका रात्रीच्या निर्णयावर हे सगळं टांगलेलं होतं.

म्हणून अफवा आली की मी पहिल्यांदा करार किती उरलाय ते पाहतो, मग बातमी कुठून सुटली असेल याचा विचार करतो. करार वाढवायची चर्चा अडलेली असताना अचानक तीन बड्या क्लबांची नावं फुटली, तर ती बहुतेक वेळा एजंटच्या सोयीची असतात. राग तेवढ्यावर खर्च करू नये.

स्पेनच्या बास्क भागात जडणघडण झालेलेच खेळाडू घेणाऱ्या ॲथलेटिक बिल्बाओचा निको विल्यम्स २०२५च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला जाणार, हे जवळपास सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्याचं भित्तिचित्रही कुणीतरी विद्रूप केलं. ४ जुलैला त्याने करार वाढवला, थेट २०३५ पर्यंत. मोठा जल्लोष झाला आणि तो रास्तच होता. क्लबच्या त्याच घोषणेत आणखी एक तपशील होता: त्याचा रिलीज क्लॉज पन्नास टक्क्यांहून अधिक वाढवलाय. दहा वर्षं राहण्याच्या त्या करारातही जाण्याची किंमत लिहिलेली आहे, आणि दोन्ही बाजूंनी ती वाचूनच सही केली आहे.